बसस्टँडच्या पलीकडचा चांदा

गोष्ट सुरू झाली ती जपानहून आलेल्या फोटोंपासून.

आमच्या एका मित्राचा मुलगा शिकून कामानिमित्त तिकडे गेला आहे. एका रविवारी तो बरोबरीच्या चार पोरांसोबत क्योटो नावाचे जुने शहर पाहायला गेला. सकाळी मंदिरे आणि विहार पाहिले, दुपारी एका अरुंद गल्लीत वाफाळत्या रश्श्यातल्या शेवया खाल्ल्या, संध्याकाळी नदीकाठी हिंडले. दिवस मावळायच्या आत सगळे फोटो वडिलांच्या फोनवर येऊन पडले.

गडचिरोलीत आमच्या अंगणात बसून आम्ही सारे ते फोटो पाहत होतो. मुलाने खाली थोडी माहितीही लिहिली होती. क्योटो हे इ. स. ७९४ मध्ये जपानची राजधानी झाले आणि हजारावर वर्षे राजधानीच राहिले. तिथले सोन्याच्या वर्खाने मढवलेले एक मंदिर १९५० मध्ये आगीत जळाले, ते १९५५ मध्ये पुन्हा उभे केले गेले. त्या शहरातल्या आणि आसपासच्या १७ जागा १९९४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. आम्ही कौतुकाने वाचत होतो. एवढ्यात ओसरीवर बसलेली आई म्हणाली,

"पोरगा इतक्या दूरचं गाव पाहून आला. अन् तुमी? तुमी चांदा तरी पायला का?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

वाचक बंधु-भगिनींनो, आता आमची थोडी ओळख सांगतो, म्हणजे या प्रश्नाने आम्ही गप्प का झालो ते कळेल. आम्ही दोघे नवरा-बायको. आमच्यातल्या एकाने एसटीत तीस वर्षे कंडक्टरकी केली, दुसरीने अंगणवाडीत पोरे सांभाळली. आमचे दोन जिवाभावाचे मित्र. एक ड्रायव्हर, गोंड समाजाचे. दुसरे कंट्रोलर, शेतकरी घरातले. जपानला गेलेला मुलगा त्यांचाच. तिघेही आता रिटायर. या तीस वर्षांत गडचिरोली ते चंद्रपूर अशा किती फेऱ्या झाल्या, त्याची गणती नाही. व्याहाड, सावली, मूल, चंद्रपूर. झोपेतही ही नावे तोंडातून निघतात. पण चंद्रपूर म्हणजे आमच्या लेखी बसस्टँड, तिथला नळ, चहाची टपरी आणि परतीच्या गाडीची वेळ. त्यापलीकडे गेलो ते दवाखान्यात, कोर्टात, नाहीतर १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर. नुसते पाहायला म्हणून कधी गेलोच नाही. पाहायला जाणे हे शिकल्या-सवरल्यांचे, पैसेवाल्यांचे काम, असे मनात कुठेतरी पक्के बसले होते.

आईच्या त्या एका प्रश्नावरून ठरले. तिन्ही घरांनी पाच महिने दोनशे-दोनशे रुपये बाजूला काढले आणि जानेवारीतल्या एका रविवारी भाड्याची गाडी केली.

पहाटे साडेपाचला निघालो. ड्रायव्हर मित्र हट्टाने पुढच्या सीटवर बसले आणि गाडी चालवणाऱ्या पोराला प्रत्येक वळणावर सूचना देऊ लागले. शेवटी त्यांच्या बाईंनीच त्यांना दटावले, "रिटायर झाले ना तुमी? आता त्याले चालवू द्या." वैनगंगेच्या पुलावर दाट धुके होते. पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत आमचे गडचिरोलीसुद्धा त्याच जिल्ह्यात होते, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'चांदा' हेच नाव आहे. मूलला तर्री-पोहे आणि चहा झाला. कंट्रोलर वहिनींनी मात्र आपल्या घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू पिशवीतून काढून सगळ्यांना दिले आणि स्वतः नुसता चहा घेतला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सांगू की नको असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते.

या वहिनी आमच्या सव्वीस वर्षांच्या शेजारी. मनाने सोन्यासारख्या. आमची मुलगी लहानपणी तापाने फणफणली होती, तेव्हा या माउलीने रात्रभर तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पण सकाळी आम्ही चहाचा कप पुढे केला, तर म्हणाल्या, "आज उपास आहे." आमच्याकडे लग्न झाले, बारसे झाले, पोरे पास झाली, प्रत्येक वेळी वहिनी पहिल्या हजर. आणि प्रत्येक वेळी उपास. सोमवारचा, गुरुवारचा, चतुर्थीचा, एकादशीचा. ज्या दिवशी कोणताच उपास सापडायचा नाही, त्या दिवशी पोट बरे नसायचे. कंट्रोलर भाऊ आमच्या ताटात जेवत. दिवाळीला त्यांच्या घरचा फराळ आमच्याकडे येई आणि आम्ही तो खात असू. आमच्याकडून गेलेला डबाही धुऊन-पुसून परत येई. पण आतले कोणी खाल्ले, ते आम्ही कधी विचारले नाही. आमच्यातली एक अंगणवाडीत साऱ्या जातींच्या पोरांना एका रांगेत बसवून खिचडी वाढत असे, आणि शेजारच्या घराला मात्र एक पोळी देऊ शकत नव्हती. मैत्री तुटेल म्हणून आम्ही बोललो नाही. बोललो नाही म्हणून मैत्री टिकली, पण आतला काटाही तसाच राहिला.

चंद्रपूर मागे टाकून आधी आम्ही २६ किलोमीटरवरच्या भद्रावतीला गेलो. जुने नाव भांदक. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आजही तेच आहे. गावाला लागून विजासन टेकडी आहे आणि त्या टेकडीत बुद्ध लेणी. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सातव्या शतकात भारतात आला होता. त्याने वर्णन केलेली कोसल देशाची राजधानी ती हीच असावी, असे कनिंगहॅम या इंग्रज संशोधकाने दीडशे वर्षांपूर्वी मांडले. पुढच्या अभ्यासकांनी दुसरी गावेही सुचवली. पण लेणी आहेत, मूर्ती आहेत, यात तर काही वाद नाही.

चपला बाहेर काढून आत शिरलो. मुख्य लेणे म्हणजे सरळ डोंगराच्या पोटात गेलेली, सत्तर फुटांच्या आसपास लांब अशी अंधारी वाट आहे. तिच्या टोकाला तथागताची बसलेली भव्य मूर्ती. वाटेत डाव्या-उजव्या हाताला काटकोनात आणखी दोन वाटा फुटतात आणि त्यांच्याही टोकाला एकेक मूर्ती. दगड मऊ, म्हणून काळाने चेहरे झिजवले आहेत. नाक-डोळे नीट दिसत नाहीत, पण बसण्यातली शांती कमी झालेली नाही. आईला अंधारात दिसेना. तिने चाचपडत हात पुढे केला, तो नेमका वहिनींच्या हातात गेला. दोघी तशाच हात धरून टोकापर्यंत चालत गेल्या. तिथे आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले. मित्रमंडळी हात जोडून मागे उभी होती. आवाज त्या वाटेत असा घुमत होता, की जणू डोंगरच आपल्याबरोबर म्हणतो आहे.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "एवढं आपल्या घराजवळ होतं, अन् आपण फोटोत दुसऱ्याचं पाहत बसलो."

दुपारी डोलारा तलावाजवळ सावली धरून बसलो. दगडी खांबांवर उभा असलेला एक जुना पूल इथे आहे. त्यावरून तलावातल्या बेटावर जात असत. पोरे तो पाहून आली आणि डबे उघडले गेले. ड्रायव्हर मित्राच्या घरचा भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. वहिनींच्या डब्यात पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. आमच्या आईने पहाटे तीनला उठून केलेल्या तांदळाच्या भाकरी, वालाच्या शेंगांची भाजी आणि जवसाची चटणी. वहिनी नेहमीप्रमाणे थोड्या कडेला बसल्या. त्या काय म्हणणार हे आम्हाला पाठ होते. आम्ही त्यांच्यापुढे काही धरलेच नाही. इतक्या वर्षांनी तेही अंगवळणी पडले होते.

पण आईला आमचे शहाणपण कुठले! तिने भाकर मोडली, तिच्यावर चटणी आणि भाजी ठेवली आणि घरच्या सुनेला द्यावी तशी सरळ वहिनींच्या तळहातावर ठेवून दिली. "घे वं बाई. सकाळपासून उपाशी आहेस. त्या अंधारात माहा हात धरून पार आतमंदी नेलंस."

वहिनी हातातल्या भाकरीकडे पाहत राहिल्या. आम्ही साऱ्यांनी माना फिरवल्या. कोणी तलावाकडे, कोणी पोरांकडे. कंट्रोलर भाऊ तर उगाच पाण्याच्या बाटलीचे झाकण उघड-बंद करू लागले. किती वेळ गेला असेल? फार तर मिनिटभर. मग आम्हाला आवाज ऐकू आला, "आई, चटणी लई तिखट आहे. थोडा भात द्या."

आईने भात वाढला. कोणी काही बोलले नाही.

तिथून चंद्रपूरला आलो. आता पुढारी झाले आमचे ड्रायव्हर मित्र. तीस वर्षे ज्या गावाच्या वेशीपर्यंत गाडी नेली, त्या गावाचे ते आज यजमान होते. चांद्याचा हा परकोट गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशहाने गाव वसवले, तटाला हात घातला आणि पुढच्या राजांनी काम पुरे केले. सुमारे ११ किलोमीटरचा हा तट, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर हे दरवाजे. खिडक्या म्हणजे लहान दारे. त्यांतल्या एकीचे नाव चोर खिडकी, एकीचे मसान खिडकी. नावे ऐकून पोरे खूश झाली. दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. मित्राच्या नातवाने विचारले, "आजा, हे आपल्या राजाचं का?" मित्र काही बोलले नाहीत. त्यांनी नातवाचा हात धरून दगडावर ठेवला.

तटावर पूर्वी झाडोरा माजला होता, कचऱ्याचे ढीग होते. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी शेकडो दिवस श्रमदान करून बुरूज साफ केले. क्योटोच्या लोकांनी जळालेले मंदिर पुन्हा उभे केले याचे आम्ही कौतुक केले होते. आपल्या जवळची पोरे हातात कुदळ-घमेले घेऊन तेच करीत होती, हे आम्हाला धड माहीतही नव्हते.

मग राजा बीरशहाची समाधी पाहिली. ती राणी हिराईने बांधली. पतीच्या मागे दत्तक मुलगा लहान असताना तिने राज्य सांभाळले. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली एवढी देखणी वास्तू पाहून ड्रायव्हर मित्राच्या बाई म्हणाल्या, "आमच्या राणीनं बांधलं, म्हणून कोणाच्या पुस्तकात नाही आलं." पुढे कारागृहाच्या भिंतीजवळून जाताना मित्राने गाडी थांबवायला सांगितली. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथेच फाशी दिले गेले. आम्ही सारे खाली उतरून दोन मिनिटे उभे राहिलो. सकाळी त्यांनी आमच्या लेण्यात हात जोडले होते, आता आम्ही त्यांच्या वीरापुढे उभे होतो.

दिवस कलता दीक्षाभूमीवर पोहोचलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला दीक्षा दिली. चांद्याचेच सुपुत्र बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी रात्रीचा दिवस केला. आई तेव्हा आठ वर्षांची होती. मूलजवळच्या खेड्यातून तिच्या बापाने बैलबंडी जुंपली होती. नेहमी आम्ही इथे येतो ते गर्दीच्या दिवशी. त्या दिवशी आईला बसायलाही जागा मिळत नाही. आज सारे शांत होते. ती पायरीवर बसली आणि हळूहळू सांगू लागली. वहिनी तिच्या शेजारी बसल्या होत्या.

"चांद्यात हॉटेलं होती तवा. भज्याचा वास यायचा. मी बापाले म्हटलं, मले भजं पायजे. बाप म्हणे, थे आपल्यासाठी नाही. आमी झरपटीच्या काठावर बसून आपली भाकर खाल्ली. पाणी नदीचंच पेलो. संध्याकाळी बाबासाहेबाले दुरून पाह्यलं. परत जाताना बाप म्हणे, आता तू मोठी होशीन तवा खाशीन भजं."

"मग खाल्लं का, आई?" वहिनींनी विचारले.

"खाल्लं ना. लई वर्षांनी. पण थ्या दिवशीचा वास काही आला नाही."

रात्री शहरातल्या एका साध्या हॉटेलात जेवायला बसलो. आई दारात जरा अडखळली, तेव्हा वाढणाऱ्या पोरानेच खुर्ची ओढून दिली. "आजी, इथे बसा." त्याने पाणी आणले. आईने लागोपाठ दोन ग्लास पाणी प्याले. तहान होती की नव्हती, देव जाणे म्हणायची आमची पद्धत नाही, आईच जाणे. आधी एक प्लेट भजी मागवली. मग कोणी सावजी मटण घेतले, कोणी पातोडीचा रस्सा, भाकर, भात. रस्सा इतका जहाल, की कंट्रोलर भाऊंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. जेवता जेवता त्यांच्या मुलाचा जपानहून फोन आला. चांदा पाहायला आलोत म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "मग मलाही फोटो पाठवा."

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "मागे याने मला एक सांगितलं होतं. तिकडेही काही लोकांना शिवत नसत म्हणे. कातड्याचं काम करणारे, जनावरं कापणारे."

खरी गोष्ट आहे. जपानमध्ये त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून त्यांचा वेगळा दर्जा रद्द केला, पण लोकांच्या मनातला गेला नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी त्या लोकांनी क्योटो शहरातच सभा भरवून समतेची चळवळ सुरू केली. आपल्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे. फोटोतल्या त्या सोनेरी मंदिराच्या गावाला ही दुसरी बाजूही आहे.

बिल आले तेव्हा तिघांत भांडण झाले, मी देतो, मी देतो. अखेर तीन वाटण्या झाल्या आणि कंडक्टरच्या जुन्या सवयीने आमच्याच तोंडून निघाले, "सुटे द्या!" सारे हॉटेल वळून पाहू लागले.

परतीच्या वाटेवर मूलच्या अलीकडे दोन्ही बाजूंना दाट जंगल. पोरे झोपली होती. अंधारात वहिनींचा आवाज आला.

"आई, आज माझा उपास नव्हता."

"मले मालूम आहे, बाई."

थोडे थांबून वहिनी म्हणाल्या, "मागेही नसायचा."

"थेही मालूम आहे."

मग आई हसली आणि तिच्यापाठोपाठ वहिनीही हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पुढच्या सीटवर कंट्रोलर भाऊ खिडकीबाहेर पाहत होते.

एका भाकरीने जग बदलले असे आम्ही म्हणणार नाही. वहिनींच्या गावी त्यांच्या सासूबाई आहेत, तिथे हे सांगता येईल का, ते त्यांनाच ठाऊक. हॉटेलात एकत्र बसणे सोपे असते. तिथे रांधणाऱ्याची जात कोणी विचारत नाही. घरच्या डब्याची गोष्ट वेगळी. तिथवर यायला आम्हाला सव्वीस वर्षे लागली, आणि चूक एकट्या वहिनींची नव्हती. आम्हीही त्यांच्यापुढे ताट धरणे कधीच सोडून दिले होते. आईने ते धरले, एवढेच.

बंधु-भगिनींनो, पुण्या-मुंबईचे, परदेशचे फोटो जरूर पाहावेत. पण आपल्या जिल्ह्यातली लेणी, तट, समाध्या यांवर आपलाही हक्क आहे. एखादा रविवार काढा. जाताना दुसऱ्या समाजातले मित्र बरोबर घ्या, त्यांचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐका, आपला त्यांना सांगा. आणि डबा घरून न्या.

परवा वहिनी दुपारी आमच्याकडे आल्या. गुरुवार होता. आईने विचारले, "उपास का वं?" वहिनी म्हणाल्या, "होय, आज खरंच आहे. पण जवसाची चटणी बांधून द्या, उद्या खाईन."